हळदी-कुंकू बदकासाठी तलावांचे काठ राखा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात मराठी वृत्तपत्रांतून रोहित, पट्टकादंब आणि चक्रवाक यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, उजनीच्या फुगवट्यावर आणि नांदूरमध्यमेश्वरात यंदा पाहुणे किती आले याची चर्चा होते, आणि ती व्हायलाही हवी. परंतु याच पाण्यावर बाराही महिने राहणाऱ्या, इथेच अंडी घालणाऱ्या आणि इथेच पिल्ले वाढवणाऱ्या हळदी-कुंकू बदकाविषयी क्वचितच कोणी लिहिते. पाटबंधारे खात्यातील नोकरीमुळे माझे बहुतेक आयुष्य धरणांच्या आणि तलावांच्या पातळ्या नोंदवण्यात गेले आणि निवृत्तीनंतर त्याच काठांवर मी पक्षी पाहत असतो. या दोन्हींतून जे लक्षात आले, ते आपल्या वाचकांसमोर आणि शक्य झाल्यास निर्णय घेणाऱ्यांसमोर यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हे बदक ओळखून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काळ्या चोचीला पिवळे टोक, चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपका, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी आणि पंखावर पांढऱ्या कडांचा चकचकीत हिरवा पट्टा, असे याचे रूप असते. नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. नराचे लाल ठिपके तेवढे अधिक ठळक असतात. वजन पाऊण किलोपासून दीड किलोपर्यंत भरते. गावतळे, पाझर तलाव, नदीचा डोह, धरणाचा फुगवटा, इतकेच काय पुण्याजवळ कवडीपाटला मुळा-मुठेच्या सांडपाण्यातसुद्धा ते दिसते. जागतिक पातळीवरील यादीत ही जात सध्या धोक्याबाहेर मानली जाते. नेमकी हीच गोष्ट तिच्या मुळावर येत आहे, असे माझे मत आहे, कारण जो पक्षी सगळीकडे दिसतो त्याचे बरे चालले आहे असे आपण गृहीत धरतो आणि तो वीण कुठे करतो, त्याची पिल्ले जगतात की नाही, हे कोणी विचारत नाही.

तलवार बदक किंवा थापट्या यांची वीण मध्य आणि उत्तर आशियात होते. ते आपल्याकडे चार-पाच महिने अन्न शोधायला येतात, त्यामुळे त्यांची संख्या वाढली किंवा घटली तर त्याची निम्मीअधिक कारणे हजारो किलोमीटर दूर असू शकतात. हळदी-कुंकू बदकाला मात्र दुसरे घर नाही. पाणी आटले की ते एका तलावावरून दुसऱ्यावर जाते, उन्हाळ्यात मोठ्या जलाशयांवर गोळा होते आणि पावसाळ्यात पुन्हा पांगते, पण हा सगळा प्रवास आपल्याच जिल्ह्या-दोन जिल्ह्यांतला असतो. त्याची संख्या खालावली तर दोष सायबेरियाला देता येणार नाही. आपल्या पाणथळ जागांची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर हिवाळी पाहुण्यांपेक्षा या कायमच्या रहिवाशाकडे पाहणे अधिक भरवशाचे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या बदकाची संख्या तलावात किती पाणी आहे यावर ठरत नाही. विणीच्या महिन्यांत पाण्याचा काठ कसा असतो आणि तो किती काळ टिकतो, यावर ती ठरते. हे बदक पाण्यात बुडी मारून अन्न शोधणारे नाही. पाण्यावर तरंगत चोच बुडवायची, फार तर शेपूट वर करून मान खाली घालायची आणि तळातले बी, कोवळे कोंब, शेवाळ, गोगलगायी टिपायच्या, ही त्याची रीत. त्यामुळे वीतभर ते हातभर खोलीचे पाणी हीच त्याची खरी चराई आहे. त्यापलीकडे वीस फूट खोल पाणी असो की साठ फूट, बदकाला ते केवळ शत्रूपासून दूर विसावा घेण्यापुरते उपयोगी असते. धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) साठा आहे हे आपण रोज वृत्तपत्रात वाचतो, परंतु त्या साठ्याभोवती उथळ पाण्याचा पट्टा किती रुंद आहे, याची नोंद कोणत्याही तक्त्यात नसते.

एक साधा हिशेब मांडतो. काठाचा उतार शंभर फुटांना एक फूट इतका सौम्य असेल, तर हातभर, म्हणजे दीड फूट खोलीपर्यंतच्या पाण्याचा पट्टा दीडशे फूट रुंद होतो. तोच काठ यंत्राने खोदून दीड फुटाला एक फूट अशा तीव्र उताराचा केला, तर हा पट्टा जेमतेम सव्वादोन फूट उरतो. साठा वाढलेला असतो, तलाव भरलेला दिसतो, कागदावर काम यशस्वी ठरते आणि बदकाची चराई मात्र जवळजवळ पूर्ण नाहीशी झालेली असते.

काठाचा दुसरा उपयोग घरट्यासाठी. अडई आणि नकटा ही आपल्याकडची स्थानिक बदके झाडाच्या ढोलीचा आसरा घेतात. हळदी-कुंकू बदक मात्र जमिनीवरच, पाण्याजवळच्या गवतात, लव्हाळ्यात किंवा पाणकणसाच्या आडोशाला घरटे करते. मादी साधारण आठ ते चौदा अंडी घालते. रोज एक याप्रमाणे अंडी पूर्ण व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, उबवणीला साडेतीन ते चार आठवडे जातात आणि अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिल्याच दिवशी आईमागे पाण्यात उतरत असले, तरी त्याला उडता यायला पुढे सात-आठ आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिल्ले उडेपर्यंत सुमारे तीन महिने लागतात. विणीनंतर मोठ्या बदकांची पिसे झडतात; बदकांमध्ये पंखांची उड्डाणपिसे एकदमच गळून पडत असल्यामुळे तीन-चार आठवडे त्यांनाही उडता येत नाही. या सबंध काळात त्यांना सुरक्षित, आडोशाचे आणि न आटणारे उथळ पाणी लागते. पिल्लांचे अन्नही मोठ्यांपेक्षा वेगळे असते. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना वाढीसाठी पाणकिडे, अळ्या, डासांच्या कोषांसारखे प्रथिनयुक्त खाद्य हवे असते, आणि ते पाणवनस्पती असलेल्या ऊबदार उथळ कडेलाच भरपूर मिळते.

महाराष्ट्रात ही वीण मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत होते. पाऊस उशिरा आला तर तीही पुढे सरकते. पाटबंधारे खात्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. १४ ऑक्टोबरपर्यंत खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी, असे त्याचे हंगाम आहेत. हे वेळापत्रक आणि बदकाच्या विणीचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले की अडचण लगेच कळते. जुलै-ऑगस्टमध्ये गवतात घरटे होते तेव्हा धरण भरत असते, आणि मोठ्या पावसात एका रात्रीत चार-पाच फूट पाणी चढले की काठावरची घरटी अंड्यांसह बुडतात. त्यातून वाचलेल्या किंवा पुन्हा घरटे केलेल्या बदकांची पिल्ले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाण्यावर असतात. तोवर रब्बीचे पहिले आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटते, पातळी झपाट्याने उतरते, पाण्याची कड गवतापासून दूर जाते आणि उघड्या चिखलावरून चालणारी पिल्ले मोकाट कुत्र्यांच्या, मुंगसांच्या आणि कावळ्यांच्या तोंडी सापडतात. नद्यांवर तर याच्या उलट घडते. पावसाळा ओसरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकले जातात, पात्रातील पाणी थोड्याच दिवसांत चढते आणि उशिरा वीण करणाऱ्या बदकांनी बेटांवर किंवा कडेच्या गवतात केलेली घरटी पाण्याखाली जातात.

यात शेतकऱ्याचा दोष नाही आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचाही नाही. आवर्तन पिकासाठी असते आणि ते वेळेवर मिळालेच पाहिजे. मला एवढेच म्हणायचे आहे की पाणी कधी आणि किती वेगाने चढवायचे-उतरवायचे हे ठरवणाऱ्या टेबलावर पाणथळीचा विचार मांडणारा एकही माणूस बसलेला नसतो, आणि तो बसला तर पिकाचे नुकसान न होताही बरेच काही साधता येईल.

नांदूरमध्यमेश्वरचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधला गेला. नदीतून वरून येणारे पाणी अडवून ते डाव्या-उजव्या कालव्यांत वळवणे एवढाच त्याचा उद्देश होता. पुढे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर लव्हाळा आणि पाणकणीस माजले, आणि खात्याच्या दृष्टीने जो साठ्याचा तोटा होता त्यातूनच चापडगाव, खाणगाव थडी परिसरातील ती समृद्ध दलदल उभी राहिली. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये ही महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. रामसरचा दर्जा मिळाला तो पाणी साठवण्याच्या क्षमतेमुळे नव्हे. गाळाने घडवलेल्या उथळ काठाने आणि त्यावरच्या वनस्पतींनी तो मिळवून दिला. हे मी अशासाठी आवर्जून सांगतो की गाळ म्हणजे केवळ काढून टाकायची घाण, ही समजूत आज सर्वत्र पक्की झाली आहे.

२०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ पासून पुन्हा राबवल्या जात असलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा मी विरोधक नाही. तलावातला सुपीक गाळ शेतात जावा आणि साठवण वाढावी, ही दोन्ही उद्दिष्टे योग्य आहेत आणि कोरडवाहू भागातील शेतकऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. परंतु प्रत्यक्षात गाळ काढताना ट्रॅक्टर आणि डंपर जिथे सहज पोहोचतात तिथूनच, म्हणजे काठावरूनच, खोदाई होते. भिंतीलगतचा खोल भाग, जिथून गाळ निघाला तर साठवण खरोखर वाढेल, तो अनेकदा तसाच राहतो आणि सौम्य उताराचा कडेचा पट्टा खड्ड्याखड्ड्यांचा, उभ्या भिंतींचा होतो. ज्या थरात पाणवनस्पतींची बीजे आणि कंद असतात तो वरचा थरही यात निघून जातो, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात पाणी भरले तरी कडेला हिरवळ लवकर धरत नाही. शेततळ्यांची गोष्टही अशीच. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून राज्यात शेततळी झाली. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यात पाणी असते, पण वनस्पती नसतात, किडे नसतात, काठ नसतो, आणि एखादे पिल्लू आत उतरले तर निसरड्या उतारावरून त्याला वरही येता येत नाही. नकाशावर निळे ठिपके वाढले म्हणून पाणथळ जागा वाढल्या, असे मानणे चुकीचे आहे.

दुष्काळाच्या वर्षी काय होते तेही पाहिले पाहिजे. मराठवाड्याने २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत जे सोसले ते वाचकांना ठाऊकच आहे. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते २०१६ मध्ये. अशा वर्षी लहान तलाव भरतच नाहीत आणि बदकांची वीण मोठ्या प्रमाणात चुकते. अमेरिकेत टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारी प्रदेशात मॉटल्ड डक नावाचे असेच स्थलांतर न करणारे बदक आहे. त्याच्यावरील अभ्यासांतून दिसून आले आहे की कोरड्या वर्षी पुष्कळ माद्या घरटे करण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, आणि पावसाची व दलदलीची स्थिती सुधारली की त्यांची संख्या पुन्हा सावरते. एखाद-दुसरे वाईट वर्ष अशी जात सोसू शकते, कारण मोठी बदके काही वर्षे जगतात. पण कोरडी वर्षे लागोपाठ आली आणि चांगल्या वर्षी वीण करण्याजोगा काठच शिल्लक नसला, तर सावरायचे कशाच्या आधारावर?

इथे गणनेच्या पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत होते आणि तिच्यात स्वयंसेवक निष्ठेने काम करतात. तिचे मोल मोठे आहे. परंतु जानेवारीत लहान तलाव आटू लागलेले असतात आणि आजूबाजूची हळदी-कुंकू बदके मोठ्या जलाशयांवर येऊन थांबलेली असतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी तर ही गर्दी आणखी वाढते. उजनीचेच पाहा. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यात मृतसाठा, म्हणजे तळाचे एरवी न वापरले जाणारे पाणी, ६३ टीएमसीहून अधिक, त्यामुळे पातळी उणे झाली तरी तिथे अफाट पाणी शिल्लक राहते आणि दूरदूरचे पक्षी त्याचा आधार घेतात. अशा कोरड्या वर्षी उजनीकाठच्या भिगवण-कुंभारगावच्या परिसरात मोजलेला मोठा आकडा पाहून ‘बदके वाढली’ असा निष्कर्ष काढला, तर तो वस्तुस्थितीच्या अगदी उलट असू शकतो, कारण त्या गर्दीमागे पंचक्रोशीतील आटलेली तळी असतात. बदके वाढत आहेत की नाही हे कळायचे असेल, तर ती सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मोजली पाहिजेत, आणि तेव्हाही केवळ मोठी बदके मोजून भागणार नाही. किती माद्यांबरोबर पिल्ले आहेत, पिल्ले किती मोठी झाली आहेत आणि महिन्याभराने त्यातली किती उरली आहेत, हे नोंदवावे लागेल.

याच कारणासाठी मोठ्या जलाशयांना अभयारण्य घोषित करून आपले काम संपत नाही. नाथसागर किंवा उजनी उन्हाळ्यात बदकांना जगवतात, पण त्यांची पातळी वर्षभरात इतकी चढउतार होते की काठ घरट्यांसाठी भरवशाचा राहत नाही. वीण मुख्यतः होते ती गावतळ्यांवर, १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीतून झालेल्या पाझर तलावांवर, ओढ्यांच्या कडेच्या हंगामी दलदलीत आणि पाणी साचणाऱ्या गवताळ खोलगट जागांत. ही लहान पाणथळे नाहीशी झाली तर मोठ्या धरणावर उन्हाळ्यात येणारा थवा दरवर्षी थोडा म्हातारा आणि थोडा लहान होत जाईल, आणि आपल्याला ते पुष्कळ उशिरा कळेल.

लहान तलाव कसे सांभाळावेत याचा धडा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले तलाव, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, ते भातशेतीसाठी होते. तरीही मासे, कमळकंद, चारा आणि पक्षी या सगळ्यांना त्यात जागा होती, कारण तलावाचे पोट सौम्य उताराचे ठेवलेले होते. मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव शासनाकडे गेले, देखभाल सैल झाली आणि बेशरमाची झुडपे काठ व्यापू लागली. गेल्या काही वर्षांत त्या भागातील ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी काही तलावांतील बेशरम उपटून काढला, माती तयार केली आणि देवधानासारख्या स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना हवे होते ते स्थानिक मासे, आणि माशांसाठी सुधारलेल्या त्या काठांचा लाभ पाणपक्ष्यांनाही होतो. बदकांच्या नावाने कोणी वेगळा निधी मागितला नव्हता. असे काम पाहिले की पाणथळ सुधारणे म्हणजे विकासाला अडथळा, हा आक्षेप किती पोकळ आहे ते कळते.

शहरांजवळच्या पाण्याचा प्रश्न निराळा आहे आणि त्याविषयी आपल्या वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले असल्याने मी थोडक्यातच सांगतो. प्रक्रिया न केलेले सांडपाणी आले की जलपर्णी माजते, ती पृष्ठभाग झाकून टाकते, खाली प्रकाश आणि प्राणवायू पोहोचत नाही आणि बुडालेल्या वनस्पती मरतात. बदकाला तरंगायला मोकळे पाणीही राहत नाही. कुजणाऱ्या पदार्थांनी भरलेल्या, तापलेल्या, साचलेल्या पाण्यात बोटुलिझमसारखा जीवघेणा विषार पसरू शकतो. राजस्थानातील सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पाणपक्षी त्यानेच मेले. घाण पाण्यावर बदके दिसतात याचा अर्थ ते पाणी त्यांना मानवते असा नाही. चांगले पाणी जवळ उरले नाही, असाही असू शकतो.

आता कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण कायद्याने या बदकाची शिकार करणे हा गुन्हा आहे, पण त्याच्या काठाला संरक्षण देणारी तरतूद कुठे आहे? पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्या व्याख्येतून नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी खास बांधलेली कामे वगळण्यात आली आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जिथे नैसर्गिक सरोवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि बाकी जवळजवळ सगळे पाणी बांधाने अडवलेले आहे, तिथे या एका वाक्याने हळदी-कुंकू बदकाची बहुतेक घरे नियमाबाहेर गेली. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा सिंचनासाठीच बांधलेला आहे आणि तरीही ती रामसर जागा आहे; यावरून ही व्याख्या निसर्गाच्या वस्तुस्थितीपासून किती दूर आहे ते ध्यानात यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा देशातील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याविषयी आदेश दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना प्रत्यक्ष पाहणी करून सीमांकन पूर्ण करण्यास सांगितले. ते सीमांकन करताना पाण्याची रेषा कोणत्या महिन्यातील धरली जाते, यावर सगळे अवलंबून आहे. मे महिन्यात उतरलेल्या पाण्याची कड ही सीमा मानली, तर विणीचा सबंध पट्टा बाहेर पडेल आणि उद्या तिथे भराव घालण्यास कोणाचीच हरकत राहणार नाही. सीमा पूर्ण संचय पातळीची, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेची, आणि तिच्याबाहेरील गवताळ पट्ट्याचीही धरली गेली पाहिजे.

माझ्या काही सूचना आहेत आणि त्यांपैकी एकीलाही मोठा खर्च लागत नाही. गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात आणि कार्यादेशात, तलावाच्या परिघाचा किमान एक तृतीयांश भाग, शक्यतो फुगवट्याच्या शेवटाकडचा, जिथे ओढा येऊन मिळतो तो, न खोदता मूळ उताराचा ठेवावा, अशी स्पष्ट अट असावी आणि मोजमाप पुस्तकात तिची नोंद व्हावी. धरण उतरल्यावर मोकळी होणारी गाळपेर जमीन कसण्यासाठी देताना पाण्यालगतचा काही फुटांचा पट्टा नांगराविना आणि फवारणीविना ठेवण्याची अट घालता येईल. प्रकल्पग्रस्त कुटुंबांचा त्या जमिनीवरचा हक्क अबाधित ठेवूनच हे करावे. ज्या लहान तलावांवर बदकांची वीण होते असे दिसून येईल, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदम मोठा विसर्ग करण्याऐवजी तेवढेच पाणी अधिक दिवसांत, सावकाश सोडता येते का, हे शाखा अभियंत्याने तपासावे. माझ्या अनुभवानुसार अनेक ठिकाणी ते शक्य असते. कोणी विचारत नाही म्हणून होत नाही. काठावरच्या गवतात ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गुरे सोडू नयेत आणि गवत जाळू नये, हा निर्णय तर ग्रामसभाच घेऊ शकते.

आणि मोजणीविषयी वर जे लिहिले त्याची सुरुवात करायला नवी यंत्रणाही लागत नाही. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो आणि हळदी-कुंकू बदकाची पिल्ले पाण्यावर दिसण्याचा काळही साधारण तोच आहे. त्या आठवड्यात प्रत्येक तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या जवळच्या दोन-तीन लहान तलावांवर जाऊन पिल्लांसह दिसणाऱ्या माद्या मोजल्या, वन विभागाने त्या नोंदी एकत्र केल्या आणि पाटबंधारे खात्याने त्याच दिवसाची पाणीपातळी शेजारी लिहिली, तर काही वर्षांत काठाची स्थिती आणि बदकांची वीण यांचा संबंध आपल्याच आकड्यांतून दिसू लागेल. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बीची आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समित्यांच्या बैठका दरवर्षी होतातच. यंदाच्या बैठकीला प्रत्येक जिल्ह्यात वन विभागाचा एक अधिकारी बोलावला जावा आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवले जावे, अशी माझी जलसंपदा विभागाला आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी
निफाड तालुका, जिल्हा नाशिक